आठवें यंत्र

हिंदुस्थानांत १९०६ सालीं सर्व देशासाठीं एकच प्रमाणवेळ सुरू झाली. आगगाड्यांनीं ती स्वीकारली. मुंबई शहरानें मात्र आपली जुनी ‘मुंबईवेळ’ सोडली नाहीं, आणि ती पुरती सुटावयास १९५५ साल उजाडावें लागलें. दोन वेळांमध्यें एकोणचाळीस मिनिटांचें अंतर होतें. जवळजवळ पन्नास वर्षें एकाच शहरांत दोन प्रकारचीं घड्याळें चालत राहिलीं, आणि भेटीची वेळ ठरवितांना ती कोणत्या वेळेनें समजावयाची हें विचारून घेणें शहाणपणाचें ठरे. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या घोटाळ्यासाठीं एकही घड्याळ बिघडावें लागलें नाहीं. प्रत्येक घड्याळ आपल्याला घालून दिलेल्या नियमाप्रमाणें बिनचूक चालत होतें. नियम बदलला होता, आणि तो बदल सगळीकडे सारखा लागू झाला नव्हता, एवढेंच.

आजच्या भाषणाचा विषय घड्याळें नव्हेत, संगणक होत. परंतु संगणकांच्या जगांत ज्या मोठाल्या फजित्या झाल्या आहेत, त्यांतील पुष्कळशा मुळांत याच जातीच्या आहेत.

संगणकाचें काम दोन गोष्टींवर चालतें. एक त्याची आज्ञावली, म्हणजे काय करावयाचें याची सविस्तर पोथी. आणि दुसरी, ती पोथी या विशिष्ट ठिकाणीं, या विशिष्ट यंत्रावर कशी लावावयाची हें सांगणारी नियमपत्रिका. घड्याळ कोणाच्या वेळेशीं जुळवावयाचें, दूरच्या कोणत्या यंत्रावर विश्वास ठेवावयाचा, कोणास आंत घ्यावयाचें आणि कोणास दारांतून परत पाठवावयाचें, कागदपत्रें कोठें ठेवावयाचीं, या साऱ्या गोष्टी त्या पत्रिकेंत नमूद असतात. यंत्रज्ञ तिला ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. मराठींत ‘विन्यास’ हा शब्द तिला शोभेल. हा विन्यास म्हणजे बहुधा कांहीं ओळींचा साधा मजकूर असतो. पण त्यांतील एखादें अक्षर चुकलें, तर निर्दोष आज्ञावलीही भलतेंच काम करूं लागते. विन्यास एकदां लिहून पेटींत ठेवून द्यावा असाही नसतो. परवलीचे शब्द बदलतात, ओळखपत्रांच्या मुदती संपतात, चोरट्यांना सांपडलेलीं छिद्रें बुजवावीं लागतात, जुनीं यंत्रें जाऊन नवीं येतात. घरांतील मोबाईल रात्रीं आपोआप बंद होऊन सकाळीं थोडा निराळा होऊन जागा होतो, तो याच खटाटोपाचा घरगुती अवतार होय.

यंत्र एक असलें तर काम सोपें. यंत्रें शंभर असलीं, तीं दहा गांवीं असलीं, आणि प्रत्येक गांवचा कारभारी वेगळा असला, म्हणजे मग खरी परीक्षा सुरू होते. शाळाखात्याशीं ज्याचा संबंध आला आहे त्यास ही अडचण नवी वाटणार नाहीं. पाठ्यपुस्तकांत एक चूक राहून जाते; मागाहून शुद्धिपत्र छापून सर्व शाळांना पाठविलें जातें. शहरांतल्या शाळेंत तें पोंचतें आणि मुलें पेन्सिलीनें चूक दुरुस्त करतात. घाटापलीकडील गांवीं तें पावसांत अडकतें. एखाद्या ठिकाणीं तें पोंचतें पण मेजाच्या खणांतच विसावतें. परीक्षेच्या दिवशीं तिन्ही गांवचीं मुलें एकाच प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें लिहितात, आणि प्रत्येक मूल आपल्यापरी बरोबर असतें. परीक्षक सुज्ञ असला तर तो निभावून नेतो. यंत्र निभावून नेत नाहीं. त्याला जें सांगितलें आहे तेवढेंच तें करतें, आणि फार वेगानें करतें.

त्या वेगाचा अर्थ काय, हें न्यू यॉर्कच्या शेअरबाजारांत १ ऑगस्ट २०१२ रोजीं दिसून आलें. नाइट कॅपिटल ही अमेरिकेंतील शेअरांची प्रचंड उलाढाल करणारी एक पेढी. त्या दिवशीं बाजारांत किरकोळ गिऱ्हाइकांच्या मागण्यांसाठीं एक नवी योजना सुरू व्हावयाची होती, आणि तिच्यासाठीं पेढीनें नवी आज्ञावली तयार केली होती. ज्या यंत्रांमधून मागण्या बाजारांत जात तीं यंत्रें आठ होतीं. नवी आज्ञावली त्यांवर आदल्या कांहीं दिवसांत, एकामागून एक, माणसाच्या हातानें चढविण्यांत आली. सात यंत्रांवर ती चढली. आठव्यावर चढवावयाची राहून गेली. झालेलें काम दुसऱ्या कोणीं पडताळून पाहावें असा लेखी नियम पेढींत नव्हता, आणि तसें कोणीं पाहिलेंही नाहीं.

आठव्या यंत्रावर जुनी आज्ञावली राहिली, एवढ्यानें फारसें बिघडलें नसतें. परंतु त्या जुन्या आज्ञावलींत ‘पॉवर पेग’ नांवाचा एक भाग निद्रिस्त पडला होता. त्याचा वापर २००३ सालींच बंद झालेला. पण तो काढून टाकावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. घरोघरीं माळ्यावर अशा वस्तू असतातच. पुढें २००५ सालीं आज्ञावलींत फेरफार करतांना, मागणीपैकीं एकूण किती शेअर घेऊन झाले याची मोजदाद ठेवणारा भाग दुसरीकडे हलविला गेला. त्यामुळें पॉवर पेग कधीं काळीं जागा झालाच, तर ‘आतां पुरे’ हें त्याला कळण्याचा मार्ग उरला नाहीं. आणि २०१२ च्या नव्या आज्ञावलींत नव्या योजनेसाठीं जी खूण ठरविली, ती नेमकी पूर्वीं पॉवर पेगला उठविण्याची खूण होती. सात यंत्रांनीं त्या खुणेचा नवा अर्थ घेतला. आठव्यानें जुना घेतला.

बाजार साडेनऊला उघडला. गिऱ्हाइकांच्या अवघ्या २१२ मागण्या त्या आठव्या यंत्राकडे गेल्या, आणि त्या पुऱ्या करण्यासाठीं तें एकसारख्या लाखों मागण्या बाजारांत सोडीत राहिलें. पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे चाळीस लाख व्यवहार झाले. ३९ कोटि ७० लाखांहून अधिक शेअरांची देवघेव झाली. पेढीला नको असलेली सुमारें साडेतीन अब्ज डॉलरांची खरेदी आणि तीन अब्जांहून अधिक डॉलरांची विक्री तिच्या गळ्यांत पडली. हें सारें निस्तरतांना तिचें नुकसान झालें तें ४६ कोटि डॉलरांहून अधिक.

या हकीकतींतील मनाला चटका लावणारी गोष्ट तर पुढेंच आहे. त्या सकाळीं आठ वाजल्यापासून बाजार उघडेपर्यंतच्या दीड तासांत पेढीच्याच यंत्रणेनें पेढीच्याच माणसांना ९७ पत्रें धाडलीं होतीं, आणि त्यांत पॉवर पेगचें नांव घेऊन दोष नोंदलेला होता. धोक्याचा इशारा म्हणून तीं पत्रें योजलेलीं नव्हतीं, म्हणून तीं आल्याबरोबर वाचण्याची कोणास संवय नव्हती. फलकावर सूचना डकवली म्हणजे ती सर्वांनीं वाचली असें समजणारे मुख्याध्यापक सर्व देशांत असतात. गडबड लक्षांत आल्यावर माणसें उपायाला धांवलीं, तों उपाय रोगाहून वाईट ठरला. दोष नव्या आज्ञावलींत असावा असें समजून त्यांनीं ती उरलेल्या सात यंत्रांवरूनही काढून टाकली. त्यामुळें आतां आठही यंत्रें तोच धुमाकूळ घालूं लागलीं. कांहीं दिवसांतच पेढीला दुसऱ्यांकडून ४० कोटि डॉलर घेऊन जीव वांचवावा लागला. वर्षभरांत ती दुसऱ्या पेढींत विलीन झाली, आणि २०१३ सालीं सरकारी नियामक मंडळानें तिला १ कोटि २० लाख डॉलरांचा दंड केला.

ज्या कारागिराच्या हातून आठवें यंत्र राहिलें त्याला दोष देणें सोपें आहे. पण एकच काम सारखें आठ वेळां करतांना आठव्या वेळीं माणसाचें लक्ष ढळतें, हा कोणा एकाचा दुर्गुण नव्हे, मनुष्यस्वभाव आहे. अनवधान होणारच नाहीं अशा भरंवशावर ज्यांनीं कोट्यवधींचा व्यवहार उभा केला, दोष त्यांच्या व्यवस्थेंत होता. आणि व्यवस्था सुधारण्याचा मार्ग त्या वेळीं अज्ञात होता असेंही नाहीं.

तो मार्ग दाखविणारांपैकीं एक प्रमुख नांव मार्क बर्जेस यांचें. हे मूळचे इंग्लंडचे आणि अभ्यासानें पदार्थविज्ञानी. १९९३ च्या सुमारास ते नॉर्वेंत ऑस्लो विद्यापीठांत संशोधन करीत असतांना तेथील संगणक सांभाळण्याच्या कामाशीं त्यांचा संबंध आला. यंत्रें निरनिराळ्या कंपन्यांचीं. सर्वांवर युनिक्स ही एकच भाषा म्हणावयाची, पण प्रत्येकाची बोली वेगळी. एखादी साधी सुधारणा सर्वांवर करावयाची म्हटली, तरी ‘यंत्र अमुक जातीचें असेल तर असें करा, तमुक जातीचें असेल तर तसें करा’ अशा अटींचाच पसारा लिहावा लागे, आणि मूळ काम त्या पसाऱ्यांत हरवून जाई. या कटकटींतून सुटण्यासाठीं त्यांनीं ‘सीएफएंजिन’ नांवाची आज्ञावली लिहिली. तिच्यामागील कल्पना दिसावयास लहान, पण फार फलद्रूप झाली.

ती कल्पना अशी. घरांतील गड्याला ‘दोन घागरी पाणी आणून हंड्यांत ओत’ असें सांगितलें, आणि विसरून तेंच पुन्हां सांगितलें, तर हंडा भरून पाणी जमिनीवर वाहील. एखादा अर्धवट काम टाकून गेला आणि दुसऱ्यानें तें पुढें चालविलें, तर किती घागरी झाल्या याचा मेळ लागणार नाहीं. त्याऐवजीं ‘हंडा सदैव कांठोकांठ भरलेला असावा’ असें सांगितलें, तर ही सूचना दहा वेळां दिली तरी बिघडत नाहीं. हंडा रिकामा असेल तर तो भरेल, अर्धा असेल तर उरलेला भरेल, भरलेला असेल तर गडी कांहींच करणार नाहीं. बर्जेस यांनीं यंत्रांना कृतीच्या पायऱ्या सांगणें सोडून अपेक्षित स्थिति सांगण्याची पद्धति घातली. यंत्रानें आपली सद्यःस्थिति पाहावी, सांगितलेल्या स्थितीशीं ताडून पाहावी, आणि जेवढा फरक असेल तेवढाच भरून काढावा. यंत्र आज कसेंही असो, प्रत्येक फेरीनिशीं तें त्याच एका स्थितीकडे येत जातें.

याला जोडून दुसरी एक गोष्ट येते. मध्यवर्ती कचेरींतून प्रत्येक यंत्राकडे जाऊन त्याच्यावर बदल लादावयाचा, कीं प्रत्येक यंत्रानें ठराविक वेळानें स्वतः होऊन कचेरीकडे ‘कांहीं नवें आहे काय?’ अशी चौकशी करावयाची? बर्जेस यांनीं दुसरा मार्ग पत्करला. पहिल्या मार्गांत कचेरीचा माणूस ज्या दिवशीं येतो त्याच दिवशीं एखादें यंत्र दुरुस्तीस गेलेलें असेल, तर तें कायमचें मागें पडतें, आणि मागें पडलें आहे हें कोणास कळतही नाहीं. दुसऱ्या मार्गांत तें यंत्र महिन्यानें परत आलें तरी जागें झाल्याबरोबर आपण होऊन विचारतें आणि रांगेंत येतें. आठवें यंत्र विसरलें जाण्याची शक्यता येथें फारच कमी, कारण त्याची आठवण ठेवण्याचें काम त्याच्याकडेच सोंपविलेलें असतें. पुढें २००५ सालीं ल्यूक केनीस या अमेरिकन गृहस्थानें, ज्यानें बर्जेस यांच्या आज्ञावलीवर बरेंच काम केलें होतें, ‘पपेट’ नांवाची आपली आज्ञावली काढली. तिच्या सामान्य रिवाजाप्रमाणें प्रत्येक यंत्र दर अर्ध्या तासानें चौकशी करतें. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली. नांव कांहींसें फसवें आहे, कारण येथें दोरी ओढणारा हात बाहुलीचाच असतो.

अशा व्यवस्थेंत माणसाचा थोडा अभिमान दुखावतो, हें खरें. एखादा कारागीर रात्रीं दोन वाजतां डोळे चोळीत यंत्रावर हातानें दुरुस्ती करतो आणि समाधानानें झोपतो. अर्ध्या तासानें यंत्र आपली स्थिति नियमपत्रिकेशीं ताडून पाहतें, त्याला ही दुरुस्ती परकी वाटते, आणि तें ती निमूटपणें पुसून टाकतें. दुरुस्ती टिकावयास हवी असेल तर ती मूळ पत्रिकेंत, सर्वांच्या देखत, नोंदवावी लागते. तेथें ती कोणीं केली, केव्हां केली, पूर्वींचा मजकूर काय होता, हें सारें राहतें. प्रारंभीं पुष्कळांना हा जाच वाटतो. जमाखर्चाची वही ठेवावयास सांगितलें म्हणजे घरोघरीं जो सूर उमटतो तोच हा सूर होय.

बर्जेस यांनीं पुढें १९९८ सालीं संगणकांच्या रोगप्रतिकारशक्तीची कल्पना मांडली. शरीराला लहानसा ओरखडा झाला तर तो भरून काढण्यापूर्वीं तें मेंदूची परवानगी मागत नाहीं. यंत्रांनींही तसेंच करावें. २००४ सालापासून त्यांनीं जो ‘वचनांचा सिद्धांत’ मांडला, त्याचें सूत्र असें कीं, कोणासही वचन देतां येतें तें फक्त आपल्या स्वतःच्या वागणुकीबद्दल. दुसऱ्याच्या वतीनें वचन देतां येत नाहीं. यंत्रशास्त्रापेक्षां नीतिशास्त्रांत शोभावें असें हें विधान आहे. पण अनेक मालकांचीं यंत्रें एकत्र काम करूं लागलीं म्हणजे त्याचा व्यावहारिक अर्थ कळतो.

याचें उदाहरण म्हणून जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेकडे पाहावें. तेथें जमिनीखालीं सत्तावीस किलोमीटर परिघाच्या वर्तुळांत परमाणूच्या आंतल्या कणांची टक्कर घडवून आणतात. त्या टकरींच्या नोंदी इतक्या अफाट असतात कीं, त्या एका ठिकाणीं तपासणें शक्य नाहीं. म्हणून चाळीसांहून अधिक देशांतील सुमारें १७० केंद्रांनीं मिळून तें काम वांटून घेतलें आहे. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असें एक केंद्र आहे. तें सीएमएस या प्रयोगासाठीं काम करतें. कलकत्त्याचें व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र ॲलिस या प्रयोगासाठीं करतें. यांतील कोणीही सर्नचा ताबेदार नाहीं. प्रत्येकाचे वरिष्ठ वेगळे, सुट्या वेगळ्या, विजेचे आणि पैशाचे प्रश्न वेगळे. जिनेव्हाच्या अधिकाऱ्यास कुलाब्याच्या यंत्राला हुकूम सोडतां येत नाहीं. तरीही एका प्रयोगाचें गणित सर्व केंद्रांत एकाच आज्ञावलीनें झालें पाहिजे. नाहींतर दोन केंद्रांचीं उत्तरें जुळलीं नाहींत, तर तो निसर्गाचा चमत्कार कीं जुन्या आवृत्तीचा दोष, हें कळावें कसें?

आरंभीं अशी पद्धत होती कीं, नवी आवृत्ति तयार झाली म्हणजे ती बसविण्याचें काम प्रत्येक केंद्राकडे एक स्वतंत्र काम म्हणून धाडावयाचें. तेथें ती सामाईक भांडारांत बसवावयाची, चांचणी घ्यावयाची, आणि मग ‘येथें ही आवृत्ति उपलब्ध’ अशी पाटी लावावयाची. कोठें भांडार भरलेलें असे, कोठें काम अर्ध्यावर तुटे, आणि एकाच वेळीं हजारों कामें त्या सामाईक भांडाराच्या दारांशीं आलीं म्हणजे तेथें खेंचाखेंच होई. २०१० नंतरच्या वर्षांत ही रीत मागें पडली आणि ‘सीव्हीएमएफएस’ नांवाची सर्नमध्येंच घडविलेली व्यवस्था सर्वत्र रुजली. तिची तुलना ग्रंथालयाशीं करतां येईल. नवी आवृत्ति एकाच ठिकाणीं प्रसिद्ध होते. तिच्या प्रती जगांतील थोड्या मोठ्या भांडारांत ठेवल्या जातात. आणि प्रत्येक केंद्रापाशीं एक छोटें कपाट असतें. केंद्रांतील यंत्रास ग्रंथाचें जें पान लागेल तेवढेंच तें मागवतें, आणि एकदां आलेलें पान कपाटांत राहतें, म्हणजे शेजारच्या यंत्राला जिनेव्हापर्यंत जावें लागत नाहीं.

या व्यवस्थेंतील दोन युक्त्या विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, प्रत्येक पानाचें नांव त्याच्या मजकुरावरूनच गणितानें काढलेलें असतें, जणूं बोटाचा ठसा. वाटेंत एक अक्षर जरी बदललें, तरी ठसा जुळत नाहीं आणि यंत्र तें पान नाकारतें; शिवाय अनुक्रमणिकेवर प्रकाशकाची सही असते. दुसरी अशी कीं, यंत्र दर कांहीं मिनिटांनीं अनुक्रमणिका नवी झाली काय हें पाहतें, आणि तें जुन्या अनुक्रमणिकेवरून नव्या अनुक्रमणिकेवर एकदम जातें. अर्धें जुनें आणि अर्धें नवें अशी स्थिति त्याच्या वांट्यास येत नाहीं. नव्या आवृत्तींत खोट निघाली, तर पूर्वींची अनुक्रमणिका पुन्हां प्रसिद्ध करतां येते. कुलाब्याचा कारभारी स्वतःच्या यंत्रांचा धनी राहतो. त्यानें जिनेव्हाचें ग्रंथालय वापरावयाचें एवढेंच मान्य केलेलें असतें.

आतांपर्यंतच्या विवेचनावरून कोणास असें वाटेल कीं, माणसाचा हात बाजूला सारला म्हणजे सर्व चिंता मिटली. तसें नाहीं. जी वाट औषधाला मोकळी केली ती विषालाही मोकळी असते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीं नऊनंतर व्हॉट्सॲप एकाएकीं मुकें झालें, हें अनेक श्रोत्यांना स्मरत असेल. फेसबुक कंपनीच्या नेहमींच्या देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या जगभरच्या यंत्रशाळांना जोडणारे सर्व दुवे एकदम तुटले. अशी घातक आज्ञा अडविण्यासाठीं एक तपासनीस आज्ञावली नेमलेली होती. तिच्यांतच दोष होता, आणि तिनें ती आज्ञा जाऊं दिली. पत्ते सांगणाऱ्या यंत्रांचा मूळ यंत्रशाळांशीं संबंध तुटला, तेव्हां तीं नियमानुसार स्वतःच जगाच्या नकाशावरून दूर झालीं. दुरुस्तीसाठीं दुरून आंत शिरण्याचे मार्गही त्याच तुटलेल्या दुव्यांवरून जात असल्यामुळें माणसांना प्रत्यक्ष यंत्रशाळेंत धाडावें लागलें, आणि तेथील कडेकोट बंदोबस्तांतून यंत्रापर्यंत पोंचण्यांतच वेळ गेला. सहा तासांच्या सुमारास सेवा पूर्ववत् होऊं लागली. किल्ली आंत ठेवून कुलूप लावण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल.

यापेक्षां मोठा प्रसंग १९ जुलै २०२४ रोजीं आला. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी संगणकांचा पहारा करणारी आज्ञावली विकते. चोरांच्या नव्या नव्या युक्त्यांची वर्णनें ती आपल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांकडे वरचेवर धाडते, आणि तीं वर्णनें यंत्रें आपोआप घेतात. त्या शुक्रवारीं आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटें झालीं असतांना अशीच एक पत्रिका सुटली. तिची मांडणी एकवीस रकान्यांची होती. यंत्रावरील आज्ञावलीला मात्र वीसच रकान्यांची सोय होती. एकविसावा रकाना वाचावयास गेलेली ती आज्ञावली आपल्या हद्दीबाहेर गेली, आणि ती यंत्राच्या गाभ्यांतच बसलेली असल्यामुळें तिच्याबरोबर सबंध यंत्र कोसळलें. पत्रिका बाहेर पडण्यापूर्वीं तिची तपासणी झाली होती. तपासणी करणाऱ्या आज्ञावलींतच खोट होती. चूक उमगून दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनीं पत्रिका मागें घेण्यांत आली. मधल्या अठ्ठ्याहत्तर मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, पंचाऐंशी लाख यंत्रें बंद पडलीं.

मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथल्या विमानतळांवर रांगा लागल्या, आणि कांहीं ठिकाणीं प्रवाशांना विमानांत चढण्याचे परवाने हातानें लिहून देण्यांत आले. अमेरिकेंत डेल्टा या एका विमानकंपनीच्याच सुमारें सात हजार फेऱ्या पांच दिवसांत रद्द झाल्या. कित्येक रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या.

येथें बर्जेस यांच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. ‘कांहीं नवें आहे काय?’ असें विचारावयास यंत्र निदान उभें तरी राहिलें पाहिजे. हें यंत्र सुरू होतांहोतांच कोसळे. सुधारलेली पत्रिका तयार असूनही ती मागण्याइतका अवधि त्याला मिळत नसे. कांहीं यंत्रांना तो अवधि सुदैवानें सांपडावा, म्हणून पंधरापंधरा वेळां बंद करून चालू करून पाहावें, असा सल्ला मायक्रोसॉफ्टनें दिला होता. शर्यत होती ती अशी कीं, आधीं मरण येतें कीं आधीं औषध पोंचतें.

इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेण्याची चाल होती. ती १९८६ सालपर्यंत टिकली. यंत्रज्ञांनीं हाच शब्द उचलला आहे. नवा बदल प्रथम थोड्याशा यंत्रांवर सोडावयाचा, तीं धडपणें चालतात काय हें पाहावयाचें, आणि मग टप्प्याटप्प्यानें पुढें जावयाचें. क्राउडस्ट्राइकच्या आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्यांना ही शिस्त पूर्वींपासून होती. पण चोरांच्या वर्णनांच्या पत्रिका म्हणजे केवळ माहिती, त्यांना एवढी खबरदारी कशाला, अशा समजुतीनें त्या सर्वांना एकाच वेळीं जात. विन्यास हा आज्ञावलीइतकाच जहाल असूं शकतो, हें तेथें ध्यानांत आलें नव्हतें. या प्रसंगानंतर त्या पत्रिकाही टप्प्यांनीं सोडण्याचें, आणि त्या केव्हां घ्यावयाच्या हें ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकांना देण्याचें कंपनीनें जाहीर केलें. घाई आणि सावधगिरी यांतील हा तंटा मात्र खरा आहे. चोरांची नवी युक्ति आज सकाळीं कळली, आणि पहारेकऱ्याला ती परवां सांगितली, तर मधल्या दोन रात्रींचा जबाबदार कोण?

कोसळून पडलेल्या यंत्रांना त्या दिवशीं या कशाचाच उपयोग नव्हता. त्यांच्यापैकीं बहुतेकांजवळ कोणीतरी स्वतः जाऊन बसावें लागलें. यंत्र किमान सामग्रीवर सुरू करावयाचें, ठराविक कप्प्यांत जावयाचें, २९१ या आंकड्याची ती एक फाईल शोधून पुसावयाची, आणि यंत्र पुन्हां सुरू करावयाचें. ज्या कचेऱ्यांनीं चोरीच्या भीतीनें आपल्या यंत्रांतील मजकूर कुलूपबंद केला होता, तेथें त्याआधीं अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली टंकित करावी लागे. ती प्रत्येक यंत्राची निराळी. आणि किल्ल्यांची यादी ज्या यंत्रावर ठेवलेली, तेंही कांहीं ठिकाणीं त्याच पत्रिकेनें बंद पडलेलें होतें.